कवायत: कुणाची आणि कसली?

परळहून एका काकूंचा प्रश्न आहे: 'भाचा अग्निवीर म्हणून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात दाखल झालाय. त्याच्या ट्रेनिंगला कवायत म्हटलं तर चालेल का? आणि टीव्हीवर जागावाटपाचीही कवायत चालू असते, ती कुठली?'

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्या कवायतीने डोकं उठवलंय. 'सत्तास्थापनेची कवायत', 'खड्डे बुजवण्याची कवायत'. ही हिंदी वाहिन्यांची 'कवायद'. तिकडे त्या शब्दाला खटपट, प्रयत्न असा अर्थ चिकटला, तो त्यांना लखलाभ. आपल्याकडे खटपट आहे, जुळवाजुळव आहे, खलबतं आहेत, घोळ तर आहेच. जागावाटपात जो तो आपल्याकडे ओढतो. त्याला कवायत म्हणणं म्हणजे शब्दाची थट्टा आहे. खरी कवायत बघायची तर प्रजासत्ताक दिनाआधी शिवाजी पार्कला तालीम चालू असताना कठड्यावर जाऊन बसा. 'थम' म्हटल्यावर सगळ्या तुकडीचे बूट एकदम वाजायला हवेत. एकाचा जरी मागाहून वाजला, तर सगळे पुन्हा मागे.

'कवायत' म्हणजे परेड, ड्रिल, शाळेतली पीटी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. गंमत मुळात आहे. अरबीत 'काइदा' म्हणजे नियम, आणि त्याचं अनेकवचन 'कवाइद'. म्हणजे आपला कायदा आणि आपली कवायत ही एकाच शब्दाची एकवचन-अनेकवचनं! शेवटचा 'द' मराठीत 'त' झाला, जसा मदद-मदत, पसंद-पसंत. परकं अनेकवचन उचलून एकवचनासारखं वापरायची खोड आपल्याला जुनीच आहे: उमराव हे अमीरचं अनेकवचन, आणि अफवा म्हणजे मुळात 'तोंडं'. उर्दूत 'कवाइद' म्हणजे परेडही आणि व्याकरणही. व्याकरणाच्या तासाला वर्ग का कण्हतो, ते आता कळलं असेल.

आणखी खाली उतरा. या शब्दाचा अरबी धातू आहे क-अ-द, अर्थ 'बसणे'. बसलेला तो पाया, पाया म्हणजे आधार, आधार म्हणजे नियम. माणसाला तासन् तास उन्हात उभं करणाऱ्या गोष्टीचं नाव 'बसण्या'तून निघालंय! पेशवेकालीन पत्रांच्या तारखांत दिसणारा 'जिल्काद' हा हिजरी महिनाही याच धातूचा. तो युद्ध थांबवून बसायचा महिना. लढाईला तयार करणारी कवायत आणि लढाई बंद ठेवणारा जिल्काद, सख्खी भावंडं. (कायदा आणि कैद ही मात्र भावंडं नव्हेत. कैदेचा धातू वेगळा आहे. ती भावंडं असल्याचं खूळ वकील मंडळींनी पसरवलंय असा माझा संशय आहे.)

दादरच्या एका व्याख्यानात 'काय म्हणजे शरीर, म्हणून कवायत' अशी व्युत्पत्ती ऐकली. टाळ्याही पडल्या. मग मधला 'व' कुठून उपटला, हे कुणी विचारलं नाही. शुद्धिवाद्यांचा आग्रह 'संचलन'चा. पण संचलन म्हणजे नुसतं चालणं. जागेवर उभं राहून शस्त्र खांद्यावरून बाजूला घेणं ही कवायत आहे, संचलन नव्हे. सावरकरांनी कायद्याला 'निर्बंध' सुचवला होता; त्या हिशोबाने कवायतीला पुन्हा 'निर्बंध'च म्हणायचं का?

माझं मत असं, आणि ते मी सोडणार नाही, की हा शब्द मराठीत लष्करी अर्थाने रुजला तो अठराव्या शतकात, कवायती फौजांबरोबर. त्याआधी शिपाई घडायचा तालमीत आणि घोड्यावर. शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन यायचा, बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा. त्याला पावलं मोजायला कोण शिकवणार? मग गार्दी आले, म्हणजे युरोपियन पद्धतीने शिकवलेले बंदूकधारी शिपाई. पानिपतावर 1761 मध्ये इब्राहिमखान गार्दीची पायदळं होती, आणि 1784 मध्ये महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपियन सेनाधिकाऱ्याला चाकरीत घेऊन कंपू, म्हणजे कवायती पलटणींचे गट, उभे केले. ठासणीच्या बंदुकीचा नेम यथातथाच, म्हणून सगळ्या रांगेने एकदम बार काढायचा. काडतूस दातांनी फाडा, चिमूटभर दारू रंजकात, म्हणजे बार पेटवायच्या खाचेत, उरलेली नळीत, वर गोळी, गजाने ठासा, गज जागेवर, मग नेम. एकजण मागे राहिला की शेजाऱ्याचा जीव जायचा. 'तालीम'ही अरबीच, शिकवण या अर्थाची. पण मराठीने वाटणी चोख केली: तालीम एकेक गडी घडवते, कवायत रांग घडवते.

आता बंदुका बदलल्या, रीतीही बदलताहेत. अग्निवीर भरती करणाऱ्या, जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत प्रशिक्षण चार वर्षांच्या सेवेतच धरलंय, त्यामुळे काळ आटला. पासिंग आउट परेड एरवी सकाळची. पण 28 मार्च 2023 ला ओडिशातल्या आयएनएस चिल्का या प्रशिक्षण केंद्रावर नौदलाच्या पहिल्या अग्निवीरांची परेड सूर्यास्तानंतर झाली, आणि त्या तुकडीत मुलीही होत्या. शिकवणारा मात्र अजून 'उस्ताद'च, आणि जागेवर पाय आपटणं अजून 'कदमताल'च. अरबी कदम, संस्कृत ताल, दोघं बिनतक्रार एका पायावर.

नवशिक्याला 'रंगरूट' म्हणतात, त्यात रंग शोधू नका. तो इंग्रजी 'रिक्रूट'. पहाऱ्यावरच्या 'हू कम्स देअर'चा 'हुकुमदार' करणाऱ्यांनीच हाही घडवला.

हां, काकूंच्या भाच्याचं राहिलं. नेमबाजी, नकाशावाचन, दोर चढणं, रात्रीची गस्त हे सगळं प्रशिक्षण. कवायत हा त्यातला एक भाग. त्यामुळे पूर्ण ट्रेनिंगला कवायत म्हणू नका. आणि शेवटी बेळगावहून बोलावणं येईल ते 'कसम परेड'चं. तिला 'शपथग्रहण संचलन' करून नातेवाइकांना मेसेज पाठवू नका, भाच्यालाच कळणार नाही.