दात सरळ झाले की ‘स’ सरळ होतो का? वाचकांचे प्रश्न, दंतवक्रता-तज्ज्ञाची (ऑर्थोडॉन्टिस्टची) उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. ‘साखर’ म्हणताना त्याची जीभ दातांच्या मधून बाहेर येते आणि ‘थाखर’सारखं काहीतरी ऐकू येतं. सहा वर्षांचा होईपर्यंत अंगठा चोखायचा. आता तोंड मिटलं, दाढा एकमेकांवर बसल्या तरी पुढचे दात टेकत नाहीत, मधे फट राहते. वर्गात मुलं चिडवतात म्हणून हल्ली वाचायला उभाच राहत नाही. सासूबाई म्हणतात वेखंड उगाळून चाटव, डेंटिस्ट म्हणतात ब्रेसेस लावा, एक मैत्रीण म्हणते स्पीच थेरपी कर. नक्की कुणाचं ऐकू? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, सासूबाईंना दुखवू नका पण वेखंड राहू दे, दातांतली फट त्याने बुजणार नाही. उरलेली दोघंही बरोबर आहेत, फक्त कुणी आधी नि कुणी नंतर एवढाच प्रश्न आहे.

‘स’ म्हणताना जिभेच्या मधोमध एक बारीक पन्हळ तयार होते, त्यातून हवेची धार निघते आणि ती पुढच्या दातांच्या कडेवर आपटते, म्हणून तो ‘स्स्स’ आवाज येतो. तुमच्या मुलाकडे ती कडच जागेवर नाहीये. वरचे आणि खालचे दात एकमेकांपर्यंत पोचत नाहीत (आम्ही याला ओपन बाइट म्हणतो) मग जीभ काय करते, फट दिसली की पुढे येऊन ती भरते. गिळताना तेच, बोलताना तेच, आणि जीभ सारखी तिथे आली की दातांनाही खाली उतरायला जागा मिळत नाही. सुरुवात अंगठ्याने केली असेल, पण आता ते काम जीभ करतेय.

घरी एक गोष्ट करून बघा. त्याला आरशासमोर बसवा, परीक्षा आहे असं वाटू देऊ नका, आणि ‘सात ससे सावकाश सरकले’ असं काहीतरी गमतीचं म्हणायला लावा. मग ‘चमचा, जहाज, झाड’ म्हणायला लावा, कारण आपल्या मराठीतला हा च-ज-झ दातांच्या अगदी जवळ उच्चारला जातो, ‘चिमणी’तला च जरा मागे. शेवटी ‘टाळ, डबा, माळ’. ट, ड, ळ ला जीभ वर वळून टाळूला लागते, पुढच्या दातांचा तिथे फारसा संबंध नाही. समजा ‘स’ आणि ‘चमचा’त जीभ बाहेर येतेय आणि ‘टाळ-माळ’ स्वच्छ येतंय, तर दातांकडे बोट दाखवायला जागा आहे. सगळंच अडखळत असेल तर नुसत्या तारांनी काही होणार नाही.

आता पैसे खर्च करायच्या आधीची दोन कामं. एक, कानाची तपासणी. ‘स’चा आवाज फार उंच पट्टीतला असतो, कान थोडे कमी असले तरी तो आधी गळतो, आणि जे नीट ऐकूच येत नाही ते मूल नीट म्हणणार कसं? दुसरं, रात्री तोंड उघडं टाकून झोपतो का, घोरतो का ते बघा. नाकामागच्या गाठी म्हणजे अ‍ॅडिनॉइड्स वाढलेल्या असल्या तर मूल तोंडाने श्वास घेतं, जीभ खाली पडून राहते, टाळू अरुंद होतो. ते तसंच ठेवून आम्ही दात सरळ केले तर दात परत फिरतात, म्हणून आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर.

मग आमचं काम. या वयात बहुतेक वेळा सगळ्या दातांना तारा लागत नाहीत. वरच्या पुढच्या दातांच्या मागे तारेचं एक छोटं कुंपण बसवतात, त्याला क्रिब म्हणतात, अंगठा आणि जीभ दोन्ही तिथे अडतात. सहसा सहा महिने किंवा त्याहून जास्त ठेवावं लागतं. टाळू अरुंद असेल तर एक्स्पान्डर, म्हणजे पालकांनी किल्लीने थोडं थोडं फिरवायचा स्क्रू, आणि तो याच वयात छान काम करतो कारण टाळूच्या मधली शिवण अजून पक्की जुळलेली नसते. मोठेपणी त्याच कामाला कधी कधी ऑपरेशन लागतं. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी ७ वर्षांपर्यंत करा म्हणते ती यासाठीच, सातव्या वर्षी सगळ्यांना तारा लावा असा त्याचा अर्थ नाही बरं का.

क्रिब बसल्यावर सुरुवातीला बोलणं आणखी बिघडल्यासारखं वाटेल, घाबरू नका. आणि फट मिटली तरी ‘स’ आपोआप येईलच असं नाही! दात फक्त जागा करून देतात, जिभेला इतक्या वर्षांची सवय असते, ती सोडवायला स्पीच थेरपिस्ट लागतो. काही मुलांचं आपलं आपण सुधारतं, काहींचं नाही. मी तर म्हणेन पहिल्या तपासणीलाच थेरपिस्टला दाखवून ठेवा, म्हणजे आम्ही दोघं मिळून ठरवू. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे कान आणि वाचा दोन्हीचं बघतात. दातांसाठी सरकारी दंत महाविद्यालयांत खर्च बराच कमी येतो, रांग मात्र असते.

आणि हो, तोवर वर्गशिक्षिकांना भेटून या, वाचायला उभं करण्याची सक्ती नको म्हणावं. घरीही दर वाक्याला ‘नीट बोल, नीट बोल’ नको.

प्रश्न : नात पाच वर्षांची आहे. ‘काका’ला ‘ताता’ म्हणते, ‘गाडी’ला ‘दाडी’. दात छान आहेत. क्लिप लावावी का? – एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, अजिबात नको. क आणि ग जिभेच्या मागच्या भागातून येतात, तिथे पुढच्या दातांचं काही काम नाही. ती मागचा आवाज पुढे आणून म्हणतेय, लहान मुलं असं करतात पण पाचव्या वर्षापर्यंत ते जायला हवं होतं. ऐकायला गोड वाटतं म्हणून थांबू नका, कान तपासून थेट स्पीच थेरपिस्टकडे न्या. आणि आता सहा-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडले की ‘स’ पण जरा हवेशीर होईल, ते दात आल्यावर बहुतेक जातं.

प्रश्न : मुलगी १० वर्षांची. जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेले होते, दोन्ही ऑपरेशनं लहानपणीच झाली. तरी नाकातून बोलते. दात वेडेवाकडे आहेत. दातांची ट्रीटमेंट केल्यावर नाकातलं बोलणं जाईल का? – बीड जिल्हा

उत्तर : दादा, खरं सांगतो, नाकातलं बोलणं दात सरळ करून जात नाही. बोलताना मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो, ती नीट बंद होत नसेल तर हवा नाकात जाते. त्यासाठी टाळूच्या सर्जनने आणि थेरपिस्टने मिळून बघायला हवं, कधी थेरपी पुरते, कधी दुसरं ऑपरेशन.

पण म्हणून दातांचं पुढे ढकलू नका, कारण वय नेमकं आहे. हिरडीतल्या हाडाच्या फटीत हाड भरायचं ऑपरेशन साधारण ९ ते ११ वर्षांत, सुळा उतरायच्या आधी करतात, आणि त्याआधी वरचा जबडा रुंद करून घ्यावा लागतो. त्याने स, त, च या आवाजांना जागा मिळते. एक मात्र विचारून ठेवा, टाळूत कुठे बारीक भोक राहिलंय का? जबडा रुंद करताना दडलेलं भोक उघडं पडू शकतं आणि बोलणं उलट जास्त नाकात जाऊ शकतं. पुढे मोठी झाल्यावर कुणी वरचा जबडा ऑपरेशनने पुढे आणायचं म्हणालं तर तेव्हाही बोलणं जास्त नाकात जाईल का, हे विचारा. खर्चासाठी शाळेत किंवा ग्रामीण रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चौकशी करा, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि दुभंगलेले ओठ-टाळू त्याच्या यादीत येतात.

प्रश्न : सर मी २६ वर्षांचा आहे, पुण्यात आयटीत. दात सरळ करायला अलायनर (दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे साचे) घेतले आणि आता आधी नव्हता तो प्रॉब्लेम सुरू झालाय, ‘स’ आणि ‘श’ शिटीसारखे येतात. दिवसभर क्लायंट कॉल असतात. कॉलच्या वेळी काढून ठेवले तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार रे. अलायनर दिवसाचे २०-२२ तास लागतात, तुझे कॉल सहा तास म्हणजे ट्रीटमेंट गेली. दातांवर प्लास्टिकचा थर आलाय, जिभेला जागेचा अंदाज चुकतोय, बस एवढंच. रोज पंधरा-वीस मिनिटं पेपर मोठ्याने वाच, अलायनर घालून, आणि जे शब्द अडतात तेच परत परत. बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत बसतं. दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या तारा घेतल्या असत्यास तर याहून जास्त त्रास झाला असता, त्या थेट जिभेच्या वाटेत येतात. नवा सेट शक्यतो शुक्रवारी रात्री घालत जा, म्हणजे शनिवार-रविवार सवयीला मिळतात. महिना होऊनही शिटी थांबली नाही तर डॉक्टरांना कडा दाखव, कुठे प्लास्टिक दातापासून सुटलेलं असेल तर ते नीट करता येतं.