‘वरवरचं’ म्हणजे नेमकं काय?

आमच्या खोलीचा पत्ता कुणी मोठ्याने विचारत नाही. ओपीडीच्या दारातल्या शिपायाला लोक अगदी कानाशी लागून विचारतात, आणि तो पठ्ठ्या तिथूनच हाळी देतो, "एचआयव्ही? सरळ जाऊन डावीकडे!" आयसीटीसी (एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र) म्हण रे बाबा, असं त्याला कितीदा सांगून झालं.

सप्टेंबरात आलेला तो मुलगा ही हाळी ऐकून परत फिरला होता. वीसेक मिनिटांनी पुन्हा आला. वय २७, करी रोडला चाळीत आईवडिलांबरोबर राहणारा, मरोळला नोकरी. मे महिन्यात साखरपुडा झालेला, लग्न मार्गशीर्षात. (ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.) हातात प्लास्टिकची फाइल आणि तीत एचआयव्हीचे सहा रिपोर्ट, तारीखवार लावलेले. सहाही निगेटिव्ह.

"मग आता माझ्याकडे काय काम काढलंत?"

"मॅडम, एप्रिलमध्ये संबंध आला होता. म्हणजे... वरवरचा."

या कामात माझी सगळ्यात जास्त झटापट होते ती या एका शब्दाशी. या विषयावर बोलायला आपल्याकडे एक तर शिव्या आहेत, नाही तर पाठ्यपुस्तकातले शब्द. मधे ‘तसलं’, ‘संबंध’, ‘वरवरचं’. ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. मीही एकदा असंच समजून घेतलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "वरवरचंच झालं," आणि मी "मग काही होत नाही" म्हणून तिची बोळवण केली. तीन महिन्यांनी ती मला गरोदर बायकांच्या रांगेत दिसली. तिच्या लेखी वरवरचं म्हणजे ‘पूर्ण आत नाही, थोडंसंच’. आणि थोडंसं आत म्हणजे आतच. तेव्हापासून मी लाज गुंडाळून ठेवते आणि सरळ विचारते: कुठला अवयव कुठे लागला, आत गेला का, कपडे होते का, वीर्य कुठे पडलं?

त्याला घाम फुटला, पण त्याने सांगितलं. मित्रांबरोबर अंधेरीला एका मसाज पार्लरमध्ये गेला होता. तिथल्या बाईने हाताने केलं, अंगावर अंग घासलं. तिच्या अंगावर कपडे होते, याच्या नव्हते. तोंडाचा वापर नाही, आत जाणं नाही. वीर्य त्याच्याच पोटावर पडलं. बस.

"याने एचआयव्ही होत नाही," मी म्हटलं.

"पण तिने आधी स्वतःला हात लावला असेल तर? माझ्या बोटाला जखम होती." त्याने अंगठा पुढे केला. नखाच्या कडेची साल निघाली होती. बोलता बोलता दुसऱ्या हाताने तो ती आणखी सोलत होता.

"त्या रात्री जेवताना झोंबलं होतं का?"

"नाही आठवत."

"मग ती जखम नव्हती. आणि झोंबलं असतं तरी उत्तर हेच."

मग मी कागदावर दोन गोल काढले. हा विषाणू रक्तात, वीर्यात आणि त्याआधी येणाऱ्या स्रावात, योनीच्या व गुदमार्गाच्या स्रावात आणि आईच्या दुधात लागण होण्याइतका असतो. लाळ, घाम, अश्रू यांनी लागण होत नाही. हा एक गोल. दुसरा गोल आत शिरायच्या वाटांचा: योनी, गुदद्वार, लिंगाचं तोंड आणि पुढच्या त्वचेखालचा नाजूक भाग, क्वचित तोंडाचा आतला भाग, किंवा सुईने थेट रक्तात. धड कातडीतून तो जात नाही. हवेत आला, सुकू लागला की लागण करण्याची त्याची ताकद झपाट्याने जाते. हातावरून दुसऱ्याच्या अंगावर असा प्रवास त्याला झेपत नाही. मिठी, चुंबन, कपड्यावरून वा उघड्या अंगाने घासणं, एकमेकांना हाताने करणं, यांत दोन्ही गोल एकमेकांना शिवतच नाहीत.

गोल शिवतात कुठे, तेही सांगायला हवं. वीर्य थेट योनीच्या किंवा गुदद्वाराच्या तोंडाशी पडलं किंवा निरोधाशिवाय लिंग क्षणभर जरी आत गेलं, तर ते वरवरचं राहत नाही. मुखमैथुनात धोका फार कमी, पण शून्य म्हणता येत नाही. खरोखर धोक्याचा प्रसंग असेल तर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं बरं, डॉक्टरांना गाठून प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात. कोर्स २८ दिवसांचा. त्याच्या बाबतीत तोही प्रश्न नव्हता.

"टक्का किती मॅडम? नेटवर ०.०४ लिहिलंय."

आकडे मी सहसा सांगत नाही. तो आकडा आहे निरोध न वापरता योनीसंभोग करणाऱ्या पुरुषाचा, तेही जोडीदाराला एचआयव्ही असून उपचार चालू नसताना: १०,००० वेळांमागे ४. घाबरलेला माणूस १०,००० विसरतो आणि ४ घेऊन घरी जातो. याने तर जी गोष्ट केलीच नव्हती तिचा आकडा उराशी धरला होता.

फाइल चाळली. पहिली टेस्ट चौथ्या दिवशी केलेली, म्हणजे पैसे पाण्यात. रक्तात खूण दिसायला वेळ लागतो, तोच विंडो पिरियड. आमच्याकडच्या किटने तीन महिने झाल्यावर निगेटिव्ह आलं की विषय संपला. त्याचे शेवटचे दोन रिपोर्ट त्यानंतरचेच होते. कुणा डॉक्टरने म्हणे त्याला दोन वर्षं दर तीन महिन्यांनी टेस्ट करायला सांगितलं होतं. अशा सल्ल्याने कुणाचं भलं होतं, ते लॅबवाल्यांनाच विचारावं. आमच्याकडे तर ही टेस्ट फुकट होते.

एवढं होऊनही तो उठेना. शेवटी हळूच म्हणाला, "मॅडम, जांघेत चट्टे आलेत."

हे मात्र मी हसण्यावारी नेलं नाही. अंगाला अंग घासून एचआयव्ही होत नसला तरी गुप्तांगावरची नागीण (हर्पीस) आणि चामखीळ, सिफिलिस, खरूज यांना कातडीचा स्पर्श पुरतो. ‘वरवरचं’ हा शब्द या मंडळींना लागू नाही. त्याला चिठ्ठी देऊन आमच्याच इमारतीतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, पाठवलं. तासाभराने तो चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखा परत आला. नायटा! पावसाळाभर भिजलेली जीन्स घालून लोकलने जा-ये, वर मेडिकलवाल्याने दिलेलं स्टेरॉइडचं मलम, त्यामुळे तो आणखी पसरलेला. सिफिलिसची रक्ततपासणीही निगेटिव्ह.

जाताना त्याने विचारलं, "तिला सांगू का?" ती म्हणजे होणारी बायको. मी म्हटलं, आजार असता तर तिला कळणं गरजेचं होतं. आजार नाही. आता सांगायचं ते मसाज पार्लरचं, आणि ते सांगायचं की नाही हे माझ्या चाचणीत बसत नाही. तो बराच वेळ अंगठ्याकडे बघत बसला. मला वाटतं, सहा रिपोर्टांत तो जे शोधत होता ते रक्तात नव्हतंच. झोप लागत नाही, डबा तसाच परत येतो, हेही त्याने सांगितलं होतं, म्हणून मानसोपचार ओपीडीचा वार लिहून दिला. रात्री-अपरात्री घाबरला तर म्हणून १०९७ हा मोफत हेल्पलाइनचा नंबरही.

फाइल टेबलावरच राहिली. हाक मारली तर म्हणाला, "फाडून टाका." मी ती परत त्याच्या हातात दिली. त्याची कागदपत्रं, फाडायची तर त्यानेच फाडावीत.

पुढच्या मंगळवारी केंद्राच्या फोनवर त्याचा आवाज. "मॅडम, टेस्ट केली नाही. नाही करायची ना?"

"नाही."

"बरं."

त्याच्या पुढच्या मंगळवारीही फोन आला. त्यानंतर नाही.