पाळकांसाठी प्रार्थना कोण करतं?

"ताई, मंडळीत पुढं यायला कुणी तयारच नाही." मी गोव्यात समुपदेशन करते, आणि एवढं वाक्य कानावर आलं की समोरचे पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, पुढं काय म्हणणार ते मला साधारण ठाऊक असतं. फोंड्याकडचे म्हणतात, मुलं शिकली की पुण्या-बेंगळुरूला जातात. वास्कोकडचे म्हणतात, माणसं गोदीत आणि बंदरात शिफ्टवर, नाहीतर नौदलात. एखाद्याला हाताशी धरून तयार केलं की त्याची विशाखापट्टणमला बदली ठरलेली. तक्रार खोटी नाही. मला माहीत असलेल्या इथल्या मराठी मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती लोकांचे गट, छोट्या आहेत, भाड्याच्या हॉलमध्ये भरतात, आणि त्यातली बरीच घरं कामधंद्यासाठी बेळगाव-कोल्हापूरकडून आलेली. पण बदली हे कारण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कुठं असतं, ते एका पाळकांच्या गोष्टीतून सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीपुढचं, आवाज खणखणीत, अंगावर कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. माझ्याकडे आले ते नेतृत्व-प्रशिक्षणाचा एखादा चांगला कोर्स विचारायला. आधी दोन शिबिरं घेऊन झाली होती. प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले, आणि पुढच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत "कोण प्रार्थना करेल?" म्हटल्यावर सगळ्यांच्या माना खाली.

कोर्सचं बाजूला ठेवून मी त्यांना मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप दाखवायला सांगितलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, प्रार्थना करा. त्याखाली पाळकांचा चार मिनिटांचा ध्वनिसंदेश. त्याखाली जोडलेले हात, "आमेन", "आमेन पास्टर", पुन्हा जोडलेले हात. मुलाची मुलाखत, प्रार्थना करा. पुन्हा चार मिनिटं, पुन्हा आमेनची रांग. एक संदेश रात्री पावणेबाराचा होता.

"यात तुमची विनंती कुठली?" मी विचारलं.

"माझी? मी तर पाळक आहे ना, ताई."

"म्हणून तर विचारते."

ते हसले. विषय तिथंच राहिला.

माझी घडण कुटुंबाकडे एक सलग व्यवस्था म्हणून पाहणाऱ्या विचारात झाली आहे, हे इथं सांगून टाकते. मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाचं एक साधं निरीक्षण आहे: घरात एक जण गरजेपेक्षा जास्त करू लागला की दुसरा आपसूक कमी करतो. मग पहिला म्हणतो, बघा, कुणी काही करत नाही. एडविन फ्रीडमन या रब्बींनी हेच सिनेगॉग आणि चर्चमध्ये दाखवून दिलं. मला ते दर महिन्याला माझ्या खोलीत दिसतं. दुसरा माणूस आळशी असतोच असं नाही. त्याची जागा आधीच भरलेली असते.

पुढच्या भेटीला मी त्यांना त्यांची स्वतःची विनंती कागदावर लिहून आणायला सांगितलं. त्यांनी आणलं, "सेवाकार्यावर प्रभूचा आशीर्वाद असावा."

"ही मंडळीची झाली. तुमची?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग खुर्चीखाली ओढून घेतलेला उजवा पाय त्यांनी पुढं केला. अंगठ्याला पट्टी. मधुमेह जुना, जखम दोन महिने भरत नव्हती. डॉक्टर रागावले होते. मंडळीत मात्र "ठेच लागली" एवढंच सांगितलेलं.

"का?"

"गेल्याच महिन्यात आरोग्यदानावर, प्रार्थनेनं आजार बरे होण्यावर, प्रवचन दिलं मी, ताई."

दोघंही हसलो. पण मंडळीत माणसं का तयार होत नाहीत, याचं उत्तर त्या पट्टीत होतं.

आधी मी औषधाचं विचारलं. मधुमेही माणसाच्या पायाची जखम अंगावर काढायची नसते, पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. प्रार्थना आणि ड्रेसिंग एकमेकांच्या आड येत नाहीत. ते कबूल झाल्यावरच पुढं बोललो.

मी त्यांना त्यांच्याच पवित्र शास्त्रातली माणसं आठवायला सांगितली. अमालेकाशी लढाई चाललेली असताना मोशेचे हात थकले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून ठेवले. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या नवख्या मंडळीला लिहितो, आमच्यासाठी प्रार्थना करा. आणि खुद्द प्रभू येशू गेथशेमाने बागेत तीन शिष्यांना माझ्याबरोबर जागे राहा म्हणतो. ते झोपतात, ही गोष्ट वेगळी. पण त्यानं मागितलं. "तुम्ही यातलं काय मागितलंत, पास्टर?"

"काही नाही," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "म्हणजे मी त्यांना कधी माझे हात धरूच दिले नाहीत."

असलं वाक्य समोरच्यानं स्वतः म्हणावं लागतं. मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावून पुढच्या रविवारी त्यावर प्रवचन दिलं असतं.

बुधवारी त्यांनी अंगठ्याचं खरं काय ते सभेत सांगितलं आणि खाली बसले. माझी अट एकच होती: कुणी कशीही प्रार्थना केली तरी तिच्यामागून आपली जोडायची नाही. समारोपाचीसुद्धा नाही. पुढचं त्यांनी सांगितलेलं. वर पंख्याचा आवाज, कुणीतरी खोकलं, आणि त्यांना वाटलं की आता उठून आपणच सुरू करावं. तेवढ्यात मागच्या रांगेतला, गोदीत वेल्डिंग करणारा एक भाऊ उभा राहिला. "देवा, पास्टरांचा अंगठा बरा कर. त्यांना बूट घालता येऊ दे. साखर जास्त खाऊ देऊ नको. आमेन." बायका हसल्या. एक मावशी रडल्या. मग आणखी दोघांनी प्रार्थना केली, त्यातल्या एकीनं कोकणीत.

तोच भाऊ शनिवारी स्कूटर घेऊन त्यांच्या दाराशी आला आणि ड्रेसिंगला चिखलीच्या इस्पितळात घेऊन गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. प्रशिक्षणाच्या दोन्ही शिबिरांना तो आला होता, आणि दोन्ही वेळा चहा वाटत होता.

मला जे कळलंय ते इतकंच: पुढारी तयार करायचा असेल तर आधी त्याच्यापुढं गरजवंत व्हावं लागतं. ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्याची काळजी आपल्याला लागते, आणि काळजी लागलेला माणूस आपणहून उठतो. माईक नंतर येतो.

पाळकांना मी सांगते, प्रार्थनेच्या भाषेकडेही बघा. "हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या" पासून तुम्ही दहा मिनिटं सुरेख बोललात की वेल्डरला वाटतं, हे आपलं काम नाही. गोव्यात तर हे लाजिरवाणंच. 1579 साली इथं आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली, ती 1616 मध्ये राशोलला छापली गेली, आणि लोकांना सोपं जावं म्हणून त्यानं तिच्यात इथल्या बोलीचे शब्द मिसळले. इंग्लंडहून आलेल्या माणसाला जे सुचलं ते आपल्याला सुचायला हरकत नाही.

माणसं हेरताना कोण चांगलं बोलतं हे बघू नका. कोण कुणाच्या घरी न सांगता जातं ते बघा. त्याच्यावर आधी एकाच घराची काळजी सोपवा. आजारी माणसाच्या भेटीला जाताना दोघांना बरोबर घ्या, आणि प्रार्थना त्यांतल्या एकाला करू द्या. त्यात शास्त्राची चूक झाली तर परतीच्या वाटेवर, एकट्यात बोला. बारा जणांना निवडण्याआधी प्रभूनं रात्रभर डोंगरावर प्रार्थना केली, असं लूक सांगतो, तेव्हा घाई नको. नवशिक्याला अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, करू नये, असं पौलही आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, बजावतो. बहिणींना शेवटी विचारायची सवय तर कृपा करून सोडा. बहुतेक मंडळ्यांत खरी प्रार्थना त्याच करत असतात.

आणि पाळकानं सगळंच सांगू नये. नवरा-बायकोचं भांडण, दुसऱ्यानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट, हे सभेत आणायचं नाही. प्रार्थनेच्या नावाखाली गावगप्पा सुरू झाल्या की ज्यांना विश्वास वाटू लागला होता तेच आधी गप्प होतात.

सोपं जातं असं मात्र नाही. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा कुठं सात जण निवडले गेले, आणि प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. आमच्या पाळकांच्या मंडळीतही एका वडिलांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका ज्येष्ठानं, हिशेबाच्या बैठकीत विचारलंच, "प्रार्थना आम्हीच करायची तर पाळकांना मानधन कशाचं?" पाळकांना वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मला फोन केला. मी विचारलं, त्या वडिलांची स्वतःची विनंती कधी कुणी विचारली आहे का?

बुधवारी प्रार्थना कोण चालवणार, याची आता महिन्याची यादी लागते. ऑगस्टच्या दुसऱ्या बुधवारी त्या वडिलांचं नाव आहे, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना वेल्डर भाऊ करणार आहे.