हे मुद्दाम असं वागतात का?

"चौतीस वर्षांचा संसार. यांनी कधी आवाज चढवला नाही. आणि आता माझी सख्खी बहीण गेली, तर तिच्या दहाव्याला सगळ्यांसमोर हसत बसले. मुद्दाम करतात का हो हे?"

काकू बोलत होत्या आणि काका माझ्या टेबलावरची पेनं एकेक करून खिशात घालत होते. वय ५८, बँकेत कॅशियर. गेली दोन वर्षं ते दुकानात उभ्या उभ्या पेढे खायचे आणि पैसे न देताच निघायचे. काकू तापाने फणफणल्या होत्या, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "जेवायला कधी?" नातेवाईक म्हणत, दोघांत काहीतरी बिनसलंय. म्हणून जोडीने समुपदेशन घ्यायला आलेले.

मला काही ते भांडण वाटेना. स्मरण चांगलं होतं, तारखा, नावं बिनचूक. पण पन्नाशीनंतर माणसाचा स्वभावच पालटू लागला, तर आधी मेंदू तपासून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. एमआरआयमध्ये मेंदूचा पुढचा भाग आक्रसलेला दिसला. निदान झालं फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराचं.

"पण हे तर काहीच विसरत नाहीत!" काकूंना पटेना.

अल्झायमरमध्ये बहुधा आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला आधी धक्का बसतो, म्हणून माणूस विसरतो. या आजाराची सुरुवात कपाळामागच्या भागात होते. मनात आलेलं करावं की नाही, समोरच्याला काय वाटेल, हे तोलण्यात त्या भागाचा मोठा वाटा असतो. तो झिजला की पेढा दिसतो आणि हात जातो.

मी त्यांना फिनिअस गेजबद्दल सांगितलं. १८४८ साली अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना साडेतीन फुटी लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण सोबत्यांना तो पूर्वीचा गेज वाटेना. शिवराळ आणि हट्टी झाला होता. पुढे तो बराच सावरला, चिलीत घोडागाडी हाकायचं काम करत होता. काकांचा आजार मात्र वाढत जाणारा आहे आणि तो बरा करणारं औषध आज नाही. हे मी लपवलं नाही.

मग आम्ही कामाचं बोललो. एटीएम कार्ड आणि चेकबुक मुलाकडे, स्कूटरची किल्ली कुलपात. वाद घालायचा नाही, विषय बदलायचा. आणि अल्झायमरची औषधं कुणाच्या सांगण्यावरून सुरू करायची नाहीत, या आजारात त्या औषधांनी त्रास वाढूही शकतो.

तीन महिन्यांनी काकू एकट्या आल्या. पेढेवाल्याकडे महिन्याचे पैसे आगाऊ ठेवलेत म्हणाल्या. "राग गेला माझा. पण मॅडम, ताप आला की अजूनही वाटतं, यांनी कपाळाला हात लावून बघावा."

त्या दिवशी मी तासभर फक्त त्यांचं ऐकलं.