वाचकांचे प्रश्न : उड्या मारणाऱ्या कोळ्याची अंडी आणि पिल्ले

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यात टॅम्पाजवळ राहतो. माझ्या मुलीने ‘फिडिपस रेजियस’ या जातीच्या उड्या मारणाऱ्या कोळ्याची मादी पाळली असून गेल्या महिन्यात तिचे एका परिचितांच्या नराशी मीलन झाले. आता तिने डब्याच्या वरच्या कोपऱ्यात जाड पांढरे घरटे विणले आहे. ती बाहेर येत नाही आणि खातही नाही. आत अंडी असतील की ती आजारी असेल? घरटे थोडे उघडून पाहावे का? डिसेंबरमध्ये नाशिकला येताना काही पिल्ले बरोबर आणता येतील का?

उत्तर : घरटे अजिबात उघडू नये. आपल्या वर्णनावरून मादीने अंडी घातली असण्याचीच शक्यता अधिक दिसते. आजारी किंवा फार तहानलेला कोळी बहुधा डब्याच्या तळाशी पाय पोटाखाली आखडून पडतो. जाड घरटे विणण्याइतके त्राण त्याच्यात उरत नाही. कात टाकण्यापूर्वीही हे कोळी असेच दडी मारून बसतात, हे खरे. परंतु मीलन होऊ शकले याचा अर्थ मादी पूर्ण वाढलेली आहे, आणि पूर्ण वाढलेली मादी पुन्हा कात टाकत नाही.

या काळात आपल्या मुलीने करण्याजोगे काम थोडे आहे, पण ते नेमाने झाले पाहिजे. घरट्यापासून दूरच्या भिंतीवर एक-दोन दिवसांआड पाण्याचा अगदी बारीक फवारा द्यावा, म्हणजे मादी तहान लागेल तेव्हा बाहेर येऊन थेंब पिऊन परत जाईल. घरट्यावर पाणी उडू देऊ नये आणि डब्याची हवा खेळती ठेवावी, कारण कोंदट ओलाव्यात बुरशी धरते आणि बुरशी लागलेली अंडी वाचत नाहीत. दुसरीकडे, वातानुकूलित घरातील हवा फार कोरडी असते, म्हणून फवारा पूर्ण बंद करणेही बरे नव्हे. चार-पाच दिवसांनी एखादी माशी आत सोडावी. मादीने ती घेतली नाही तर दुसऱ्या दिवशी काढून टाकावी. रातकिडा मात्र या दिवसांत डब्यात राहू देऊ नये, कारण तो घरटे आणि अंडीही कुरतडू शकतो. काही आठवडे मादीने अन्न नाकारले तरी तिचे पोट सुरकुतलेले दिसत नाही तोवर घाबरण्याचे कारण नाही. वारंवार धक्का लागला किंवा अंडी फलित झालेली नसली, तर मादी स्वतःच ती खाऊन टाकते. असे झाल्यास मुलीला समजावून सांगावे की मादी क्रूर नाही. अंड्यांत गुंतवलेले पोषण ती परत मिळवत असते.

अंडी घातल्यापासून पिल्ले बाहेर पडेपर्यंत साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. घर थंड असेल तर अधिकही लागतात. आतील घडामोडी पाहण्याची उत्सुकता असेल तर डब्याच्या बाहेरून क्षणभर विजेरीचा मंद प्रकाश टाकावा. प्रथम पिवळसर अंड्यांचा पुंजका दिसतो. पुढे त्या जागी फिकट, अर्धपारदर्शक, जवळजवळ निश्चल अशी पिल्ले दिसू लागतात. ती या अवस्थेत काहीही खात नाहीत, अंड्यातून मिळालेल्या बलकावरच जगतात. घरट्यातच कात टाकल्यावर त्यांचा रंग गडद होतो, डोळ्यांचे काळे ठिपके स्पष्ट होतात आणि मग कधीतरी घरट्याच्या तोंडाशी दोन-तीन मिलिमीटरांचे एखादे पिल्लू येऊन उभे राहते. ते बाहेर डोकावते, परत आत जाते, आणि हे येणे-जाणे काही दिवस चालते. या दिवसांत त्यांना ओढून बाहेर काढू नये.

पिल्लांच्या अन्नाची तयारी मात्र ती बाहेर पडण्याची वाट न पाहता आजच सुरू करावी, कारण बहुतेक नवे पालक नेमके येथेच अडतात. पिल्लांना जिवंत आणि हलणारे भक्ष्य लागते, तेही स्वतःपेक्षा फार मोठे नसलेले. यासाठी उडू न शकणारी फळमाशी, म्हणजे केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या चिलटांचीच पाळीव जात, सर्वांत सोयीची. ‘ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर’ या छोट्या फळमाशीची नवी पिढी २५ अंश सेल्सिअसला सुमारे १० ते १२ दिवसांत तयार होते. म्हणून थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने दोन-तीन बरण्या लावून ठेवल्या म्हणजे पुरवठ्यात खंड पडत नाही. ‘ड्रॉसोफिला हायडेई’ ही मोठी माशी पिल्लांनी आणखी काही वेळा कात टाकल्यावर द्यावी.

बाहेर पडलेली पिल्ले पोटभर खात असतील तर थोडे दिवस एकत्र नांदतात, पुढे एकमेकांना खाऊ लागतात. त्यामुळे मऊ ब्रशने हळूच सारून प्रत्येकाला वेगळ्या छोट्या पारदर्शक डबीत ठेवावे. हवेची छिद्रे बारीक टाचणीने पाडावीत, नाहीतर पिल्लू आणि माशी दोन्ही निसटतात. पाण्याचा थेंब मोठा असला तर पिल्लू त्यात अडकून मरते, म्हणून फवारा धुक्यासारखा हवा. एवढे सांभाळूनही काही पिल्ले कात टाकताना दगावतात.

या जातीच्या एका घरट्यातून शंभराहून अधिक पिल्लेही निघू शकतात. शिवाय मादी नराचे वीर्य शरीरात साठवून ठेवत असल्याने पुन्हा नर न भेटताही ती पुढे आणखी अंडी घालते. एवढ्या जिवांची व्यवस्था कोठे करणार, हे मीलनापूर्वीच ठरलेले असावे असे माझे ठाम मत आहे. आता निदान नीट सांभाळतील अशी माणसे शोधून ठेवावीत. ही जात मूळची फ्लोरिडाचीच असली तरी पाळीव कोळ्यांचा वंश कोठून कोठून आलेला असतो, म्हणून उरलेली पिल्ले अंगणात सोडून देऊ नयेत. नाशिकला तर ती मुळीच आणू नयेत. परवानगीवाचून जिवंत प्राणी भारतात आणणे बेकायदेशीर आहे, आणि परक्या मुलखातील शिकारी कीटकभक्षक येथे सुटणे घातकही ठरू शकते.

प्रश्न : कोल्हापुरात आमच्या घरी देवघराच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उडी मारणारा कोळी दिसतो, आणि तसबिरीमागे त्याच्या तपकिरी जोडीदारणीने पांढरी पिशवी केली आहे. तिला बरणीत घालून पिल्ले वाढवावीत का? हे कोळी पिल्लांना दूध पाजतात असे ऐकले, ते खरे आहे का?

उत्तर : वर्णनावरून ही बहुधा ‘प्लेक्सिपस पेकुली’ ही घराघरांत आढळणारी जात असावी. तिच्यापासून माणसाला धोका नाही. पिशवी हलवू नये. तसबीर महिना-दीड महिना जागची काढली नाही आणि त्या बाजूला कीटकनाशक फवारले नाही, तर मादी आपले काम आपणच पार पाडते. पिल्ले बाहेर पडल्यावर हवी तर दोन-चारच बरणीत घ्यावीत. पिकलेल्या केळ्यावर जमलेली चिलटे बरणीत पकडून काही मिनिटे शीतकपाटात ठेवली की मंदावतात, आणि मग ती पिल्लांना देणे सोपे जाते.

दुधाची गोष्ट खरी आहे, पण ती वेगळ्या जातीची. मुंगीसारख्या दिसणाऱ्या ‘टॉक्सियस मॅग्नस’ या उड्या मारणाऱ्या कोळ्याची मादी पोटाखालून दुधासारखा द्रव स्रवते आणि पिल्ले सुरुवातीचे सुमारे २० दिवस केवळ त्यावर वाढतात, असे चीनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. त्या द्रवात गाईच्या दुधाच्या सुमारे चौपट प्रथिने आढळली. आपल्या भिंतीवरील मादी पिल्लांची राखण करते, परंतु बाहेर पडलेल्या पिल्लाला पहिल्या दिवसापासून स्वतःच शिकार करावी लागते.

प्रश्न : माझ्याकडे नर आणि मादी दोन्ही आहेत. मादी नराला खाईल अशी भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

उत्तर : भीती रास्त आहे. दोघेही वयात आले आहेत याची आधी खात्री करावी. नराच्या तोंडाजवळील दोन आखूड अवयवांची टोके फुगीर झालेली असतात, तर मादीच्या पोटाखाली पुढच्या बाजूस गडद खूण दिसते. शेवटची कात टाकल्यावर नराला एक-दोन आठवडे द्यावेत, कारण त्याला छोटे जाळे विणून त्यावर टाकलेला वीर्याचा थेंब त्या अवयवांत भरून घ्यावा लागतो. मादीला दोन दिवस आधीपासून पोटभर खाऊ घालावे. मग भरपूर उजेडात मोठ्या जागेत दोघांना समोरासमोर पण अंतरावर सोडावे, कारण नर पुढचे पाय उंचावून, तिरपा-तिरपा सरकत जे आर्जव करतो ते मादीला डोळ्यांनी दिसले पाहिजे. मादी पुढचे पाय उगारून झेपावू लागली तर मध्ये कागद घालून दोघांना वेगळे करावे आणि काही दिवसांनी पुन्हा पाहावे. मीलन होऊन ते दूर झाले की नराला लगेच बाहेर काढावे.