ओळख ना पाळख, तरी आला

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही परभणी जिल्ह्यातले. ह्यांना ब्लड कॅन्सर निघालाय, ट्रीटमेंटसाठी परळला टाटाला आलोय. केमोनंतर प्लेटलेट्स एकदम खाली आल्या, डोनर आणा म्हणाले, आता मुंबईत आपलं कोण आहे, दीर-जावा आधी रोज फोन करायचे, आता उचलत पण नाहीत. शेजारच्या बेडच्या मावशींच्या मुलाने कुठल्यातरी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला आणि डोंबिवलीहून एक पोरगा आला, पंचविशीचा असेल, प्लेटलेट्स दिल्या, मी पैसे पुढे केले तर म्हणतो, काकू तुम्ही जेवलात का? नंबरसुद्धा देऊन गेला नाही. तेव्हापासून मला परत धीर आलाय. पण अनोळखी माणसामुळे एवढी आशा धरणं वेडेपणा तर नाही ना? आणि त्याचे उपकार कसे फेडू?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, मग जेवलात का त्या दिवशी? ते लिहिलंच नाहीत.

पैसे त्याने घेतले नाहीत ते बरंच झालं, पैसे घेऊन रक्त द्यायला आपल्याकडे १९९८ पासून बंदी आहे. आणि वेडेपणा कसला? मशीन प्लेटलेट्स तेवढ्या काढून घेतं, बाकीचं रक्त परत शरीरात सोडतं, तास-दीड तास हातात सुई घेऊन पडून राहावं लागतं. बरं, ती पिशवी टिकते पाचच दिवस, त्यामुळे साठा करून ठेवायची सोय नाही, दर वेळी कुणीतरी घरातून उठून यावंच लागतं, आणि लोक येतात, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. आजाराचं पुढे काय ते डॉक्टरच सांगतील, त्याच्याशी ह्याची गल्लत करू नका, पण आपण अगदीच एकटे नाही हे तर खरंच आहे ना.

दीर-जावांचं मात्र मला थोडं वेगळं वाटतं. त्या मेसेजमध्ये काय होतं? काय हवंय, कुठे यायचं, कधीपर्यंत. घरच्यांना आपण फोनवर फक्त हाल सांगतो, ऐकणाऱ्याला वाटतं आता पैसे मागणार, मग तो फोनच टाळतो (काही जण मुळातच तसे असतात, ते सोडा). दिरांना सरळ लिहा, भाऊजी, पुढच्या केमोला चार दिवस येऊन ह्यांच्याजवळ बसा, मला झोप हवीय. आणि ब्लड ग्रुप तपासून या म्हणावं, प्लेटलेट्स पुन्हा लागू शकतात. नाही आले तर नाही, पण एकदा असं नेमकं मागून तर बघा.

त्या पोराला शोधत बसू नका. नंबर दिला नाही म्हणजे त्याला हिशोब नकोय. फारच रुखरुख लागली तर वॉर्डात नव्याने आलेल्या बाईला कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा ते सांगा, पहिल्या आठवड्यात त्यातच माणूस रडकुंडीला येतं, तुम्हाला ते आता पाठ झालं असेल.

आणि राहता कुठे तेही लिहिलं नाहीत. फुटपाथवर असाल तर उद्याच हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करना भेटा. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, बाहेरगावचे कॅन्सर पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात. लगेच जागा मिळेलच असं नाही, पण विचारून नाव देऊन ठेवा.