रंगूनचं ‘भिक्षापात्र’ काशाचं, काशीचं की पितळेचं?

प्रश्न असा होता की पणजोबांनी रंगूनहून आणलेलं गोल पोटाचं जुनं भांडं आहे, आजी त्याला ‘काशीचं’ म्हणते, दुकानदार ‘अँटिक ब्राँझ भिक्षापात्र’ म्हणाला, मग मराठीत नक्की काय म्हणायचं.

आधी आजीचं. ते काशीचं नाही, काशाचं. मूळ शब्द कासं, ‘काशाची वाटी’ म्हणतो ना पायाला तूप चोळायला, तेच. संस्कृतात कांस्य, पालीत कंस. कांस्य आपण पदकांना ठेवलंय, घरातलं भांडं काशाचंच बरं वाटतं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बर्मी भाषेत या सगळ्या घराण्याला एकच शब्द, रोमन लिपीतून आणला की ‘क्ये’ होतो पण कानाला ‘चे’ ऐकू येतो, आणि पुढे रंग लावतात: चे-नी लाल म्हणजे तांबं, चे-वा पिवळं म्हणजे पितळ, चे-न्यो तपकिरी म्हणजे कासं. त्यामुळे नुसतं ‘चे’ म्हटलं असेल तर त्यावरून धातू ठरवू नका, टिचकी मारून बघा, चांगलं कासं बराच वेळ घुमतं.

आता खरी गंमत ‘भिक्षापात्र’ शब्दात आहे. विनयपिटक म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा बौद्ध ग्रंथ, त्यातल्या चुल्लवग्ग या भागात भिक्खूंना पात्र दोनच प्रकारचं चालतं असं सांगितलंय, लोखंडी आणि मातीचं. सोनं, चांदी, तांबं यांच्याबरोबर ‘कंसमय’ पात्रही तिथे नाव घेऊन नाकारलंय! म्हणजे काशाचं भिक्षापात्र घेऊन नियम पाळणारा भिक्खू दारात येणारच नाही. मग हा शब्द आला कुठून? बर्मीत भिक्षापात्राला ‘थबेइक’ म्हणतात आणि त्याच घाटाच्या भांड्यांनाही तेच नाव चिकटलं, इंग्रज अमदानीतले नक्षीदार चांदीचे वाडगेसुद्धा थबेइकच. ते शोभेचे, भिक्षेचे नव्हेत. आणि दारात उभी राहून भिक्खूच्या पात्रात भात वाढणारी गृहस्थ बाई असते, तिच्या हातातही वाडगा असतोच, त्याला कुठल्या धातूचं बंधन नाही. तुमचं भांडं तसलं असू शकतं, म्हणजे घेणाऱ्याचं नाही, देणाऱ्याचं.

(असाच घोळ ब्रह्मदेशातल्या ‘करेन’ नावाच्या जमातीच्या ‘फा-सी’चा होतो. वरच्या कडेला बेडूक बसवलेला ओतीव ढोल, पावसासाठी आणि अंत्यविधीत वाजवायचा. खालून उघडा, म्हणून उलटा ठेवला की लोक कुंडी समजतात.)

तर मी लिहीन, ‘भिक्षापात्राच्या घाटाचा काशाचा वाडगा’. टिचकीला नुसतं ठक्क वाजलं तर मात्र काशाचा शब्द खोडा.